जुन्या गाडीला कोणती बॅटरी: साधी, मेंटेनन्स-फ्री, एजीएम की लिथियम?

जुन्या गाडीची बॅटरी बदलायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "जास्त पॉवरची टाक, कटकट नको." मला हा सल्ला पटत नाही. जुन्या गाडीसाठी बॅटरी निवडताना आधी दोनच गोष्टी पाहाव्यात. गाडी बॅटरीला किती व्होल्टवर चार्ज करते आणि गाडी सलग किती दिवस उभी असते. ही दोन उत्तरं हातात आली की चार पर्यायांपैकी निदान दोन आपोआप गळतात.

त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा थोडं वर आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी असूनही तो ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती थकली आहे. इंजिन सुरू झालं की थोडी रेस देऊन परत मोजा. हा तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर चार्जिंग ठीक. १३.५ सुद्धा गाठत नसेल तर आधी बेल्ट, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) आणि रेग्युलेटर (त्याचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) तपासा, नाहीतर नवी बॅटरीही काही महिन्यांत बसेल. १४.८ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय नवी बॅटरी आणूच नका.

आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी (बॅटरी गाडीच्या धातूला जोडणारी) गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो आणि त्यापायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात.

आता पर्याय. वर झाकणं असलेली, डिस्टिल्ड वॉटर टाकता येणारी साधी लेड-ॲसिड बॅटरी आज मागासलेली समजली जाते. जुन्या गाडीसाठी मात्र माझी पहिली पसंती तिलाच. तिच्या प्लेटांच्या शिशात थोडं अँटिमनी असतं. त्यामुळे पाणी जास्त उडतं आणि उभ्या उभ्या ती थोडी लवकर उतरते, हे दोन तोटे खरे. पण १३.८-१४ व्होल्टच्या चार्जिंगवरही ती नीट भरते, आणि रेग्युलेटर कधी थोडा वर गेला तर कमी झालेलं पाणी परत भरता येतं. डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधी वापरला जाणारा वीज तयार करणारा भाग) आणि जुन्या पद्धतीचा यांत्रिक कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) असलेल्या गाडीत व्होल्टेज इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होतं, तिथे ही सोय फार मोलाची. अट एकच: महिन्याकाठी झाकणं उघडून पाणी पाहायचं, आणि प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत.

सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असतं. पाणी कमी उडतं आणि पडून राहिली तरी चार्ज जास्त टिकतो. रोज लांब धावणाऱ्या, अल्टरनेटर चांगला असलेल्या गाडीला ती उत्तम. पण पूर्ण भरायला तिला १४.४ च्या आसपास किंवा थोडं जास्त व्होल्टेज लागतं. १३.८ वरच थांबणाऱ्या गाडीत ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात, आणि मालक म्हणतो, "नवीच होती, एवढ्यात कशी गेली?" म्हणून तुमच्या गाडीचा तिसरा आकडा १४.२ च्या वर असेल तरच हिच्याकडे वळा.

एजीएम बॅटरीत ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, हादरे सोसते, जोरदार करंट देते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी ती योग्य आहे. जुन्या गाडीत मात्र ती फारशी जमत नाही. इंजिनशेजारची उष्णता आणि बेभरवशाचा रेग्युलेटर हे तिचे दोन शत्रू, आणि तिच्यात पाणी भरायची सोय नाही, म्हणजे एकदा सुकली की संपली. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर तिचा विचार नक्की करा, कारण साधी बॅटरी तिथे ठेवायची तर वायू बाहेर नेणारी नळी लागतेच. ईएफबी ही साध्या बॅटरीचीच मजबूत आवृत्ती; जुन्या गाडीत चालते, पण जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत.

लिथियमबद्दल मी स्पष्टच सांगतो: जुन्या रोजच्या गाडीत नको. वजन निम्म्याहून कमी होतं हे खरं. पण ती रिकामी असताना इतका करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापतो, शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, आणि व्होल्टेज चढलं की आतलं सुरक्षा सर्किट तिला मध्येच तोडतं. चालत्या इंजिनावर बॅटरी अशी तुटली तर अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात.

आकड्यांकडे येऊ. एएच म्हणजे बॅटरीत किती साठा आहे, सीसीए म्हणजे कडक थंडीत ती किती करंट देऊ शकते. सीसीए उणे १८ अंशाला मोजतात, पण अमेरिकी आणि युरोपीय पद्धती वेगळ्या असल्याने दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्हींवर एकच मानक छापलंय का ते पाहा. सीसीए जास्त असल्याने स्टार्टर जळत नाही. तो लागेल तेवढाच करंट घेतो. डिझेल गाडीला सीसीएत तडजोड करू नका. कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाडीत मी एएचला जास्त मान देतो, कारण गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि पंप ते परत भरेपर्यंत सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

उभ्या गाडीचा हिशोबही करून ठेवा. घड्याळ, अलार्म, म्युझिक सिस्टीम मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला १.२ एएच जातात. ४५ एएचची बॅटरी साधारण अठरा-एकोणीस दिवसांत निम्म्यावर येते. अशा गाडीला महागडी बॅटरी देण्यापेक्षा कटऑफ स्विच (उभ्या गाडीत बॅटरी तोडून ठेवणारा) किंवा छोटा मेंटेनन्स चार्जर (तिला भरलेली ठेवणारा) लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मापाच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. जपानी मापाच्या बॅटरीवर ५५बी२४एल असा कोड असतो: ५५ ही क्षमतेची श्रेणी, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. ही बाजू कुठून पाहून ठरवायची याचे संकेत सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून अक्षरावर विसंबू नका. जुन्या बॅटरीचा वरून फोटो काढा, प्लस कुठे आहे ते त्यात दिसेल असा. बाजू चुकली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढूनताणून पोहोचवली तर बॉनेटला टेकायची भीती. अनेक जपानी गाड्यांचे टर्मिनल बारीक असतात. जाड टर्मिनलवर त्यांचे क्लॅम्प बसत नाहीत. युरोपीय मापाची बॅटरी खालच्या कडेने आवळतात, जपानी वरून पट्टीने, तेव्हा ट्रेमधली पकडही बघून घ्या. फारच जुनी गाडी असेल तर ती ६ व्होल्टची नाही ना आणि तिचं अर्थिंग पॉझिटिव्ह (म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) नाही ना, हे आधी पाहा. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ होतं.

घेताना दुकानातच मीटर लावा. १२.४ पेक्षा कमी दाखवणारी बॅटरी बराच काळ पडून आहे, दुसरी मागा. उत्पादनाचा महिना वाचा, नुसतं वॉरंटी कार्ड बघू नका. बसवताना अर्थिंगची केबल आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. नवी बॅटरी ट्रेमध्ये नीट बसून, क्लॅम्प आवळून, गाडी सुरू होईपर्यंत जुनी बॅटरी दुकानदाराला परत देऊ नका. माप किंवा टर्मिनलची बाजू चुकल्याचं बहुतेक वेळा तेव्हाच लक्षात येतं.