मुलांना घेऊन किनाऱ्यावर: गोव्यातलं सगळं जेवण धरून मिळणारं रिसॉर्ट की मालवणातलं घरगुती जेवण?

घरात लहान मूल असलं की सुट्टीचं बुकिंग करताना खोलीतून समुद्र दिसतो का, हा प्रश्न मागे पडतो. पोर तिथे खाईल का, हीच खरी धास्ती असते. आम्ही दोन्ही करून पाहिलं. एका वर्षी दक्षिण गोव्यातलं रिसॉर्ट घेतलं, तिन्ही जेवणं, मधलं खाणं, सरबतं, मद्य सगळं एकाच भाड्यात. पुढच्या वर्षी मालवणातल्या तारकर्लीजवळ न्याहारी-निवास, आणि जेवण त्याच घरातल्या काकूंच्या हातचं. रिसॉर्टला गेलो तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती, थोरला नऊ.

माझं मत आधीच सांगते. पदार्थ किती मिळतात हे मोजत बसू नका. तुमच्या मुलाला भूक किती वाजता लागते आणि नेमकं तेव्हा गरम अन्न मिळतं का, ते बघा.

रिसॉर्टमध्ये आम्हाला हेच जड गेलं. नाश्ता साडेसात ते साडेदहा, दुपारचं जेवण एकपासून, रात्रीचं आठपासून. बहुतेक ठिकाणी वेळा अशाच असतात, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. आता मुलांचं घड्याळ बघा. दहाला पाण्यात उतरलेली मुलगी साडेअकराला कुडकुडत बाहेर येते आणि टॉवेलमध्ये गुंडाळल्या गुंडाळल्या म्हणते, "भूक लागली." तेव्हा आत टेबलं मांडायचं काम चाललेलं असतं. उघडा असतो तो पोहण्याच्या तलावाकाठचा काउंटर, तिथे फ्रेंच फ्राइज, सँडविच आणि गोड सरबतं. तेवढ्यावर पोट भरतं. एक वाजता इतके पदार्थ समोर मांडलेले असताना ती तोंड उघडत नाही, आणि साडेतीनला सगळं आवरल्यावर भात मागते. रात्री आठला तर ती माझ्या खांद्यावर झोपलेली असायची. भाडं भरलेली तीन रात्रीची जेवणं तिने जवळजवळ खाल्लीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी डोशाच्या काउंटरवरच्या शेफना विचारलं, बारा वाजता वाटीभर मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण मिळेल का? मिळालं, तेही वर तूप घालून. असं करून देतात, फक्त मागावं लागतं, आणि ते पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. थोरला मात्र तिथे राजा होता. ऑम्लेट समोर करून घ्यायचं, पास्त्यात काय घालायचं ते स्वतः सांगायचं, गोव्याच्या पावांतली पोई कुठली नि साधा पाव कुठला ते विचारायचं. एरवी घरी ताटाकडे न बघणारा मुलगा स्वतःचं ताट स्वतः वाढून आणत होता. हे रिसॉर्टचं मोठं देणं आहे, ते मी कमी लेखणार नाही.

तारकर्लीत स्वयंपाकघर आमच्या खोलीपासून दहा पावलांवर होतं. पहिल्या सकाळी साडेसहाला धाकटी उठली ती थेट तिथे जाऊन पाटावर बसली. काकूंनी उकड्या तांदळाची पेज पसरट ताटलीत ओतली, ताटली हलकेच गोल फिरवून निववली, मग वाटीत काढून चिमूटभर मीठ आणि तूप घातलं. मी उठून जाईपर्यंत तिची दुसरी वाटी चालली होती. दुपारी सुरमईची मधली तुकडी, तिखट न लावता, हळद, मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळून रव्यात तळलेली. लहान मुलांना सुरमई सोयीची, कारण मधला काटा मोठा आणि बारीक काटे कमी. पापलेटही तसंच. बांगडा आवडला तरी तो आधी आपण सोलून, बोटांनी चाचपूनच द्यावा. शाकाहारी घरांनीही बिचकू नये. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची आमटी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, यावर मुलं मजेत राहतात.

तिथली अडचण वेगळी. निवड नाही. मासे कुठले आणि ताटं किती, हे सकाळीच सांगायचं. सिंधुदुर्ग किल्ला बघून होडीने परतायला उशीर झाला, तर काकू जेवायच्या थांबलेल्या असतात आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी थोरल्याला नारळाचा कंटाळा आला. नूडल्स हव्या तर मालवणच्या बाजारात जा. उंच खुर्ची नसते, म्हणजे रांगतं मूल जेवेपर्यंत कुणाच्या तरी मांडीवर.

पैशांचं थोडक्यात. रिसॉर्टवाल्यांच्या भाषेत सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही जेवणं. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये त्यावर मद्य आणि दिवसभरचं खाणंपिणं येतं. घरात कुणी मद्य घेत नसेल तर एपीचा दर वेगळा मागा. मुलांना कितव्या वर्षापर्यंत फुकट, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं, ते लेखी घ्या. शहाळं, कोळंबीचे खास पदार्थ, खोलीवर मागवलेलं दूध यांचे पैसे वेगळे लागतात का, तेही विचारा. आमच्या बिलात दूध वेगळं लागलं होतं. घरगुती ठिकाणी ताटावर हिशेब असतो आणि मासळीच्या ताटाचा दर बाजारावर.

पोटाच्या दृष्टीने एक काळजी घ्याच. बुफेतलं गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. भात किंवा ग्रेव्ही कोमट लागली तर मुलाच्या ताटात वाढू नका, पदार्थ मांडल्यापासूनच्या पहिल्या अर्ध्या तासात जेवा. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि उलट्या सुरू होतात. घरगुती ठिकाणी जेवण ताजं असतं, पण पाणी उकळलेलं आहे का ते विचारावं, संकोच करू नये. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मला घरगुती जागा बरी वाटते. ज्यांनी वाटण वाटलं त्या समोरच उभ्या असतात, फक्त तवा-कढई वेगळी ठेवायला आधीच सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र कुठेच चाटवू देऊ नका, कितीही प्रेमाने कुणी पुढे केला तरी.

हंगामही बघा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे मासळीसाठी मालवण गाठायचं तर ते दिवस टाळा. गोव्यातले किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा खानावळी, याही पावसाळ्यात उठलेल्या असतात, त्यामुळे पावसात फक्त नाश्त्याचा दर घेऊन बाहेर खाऊ, हा बेत फसतो. तेव्हा एपीच बरं.

मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर मी डोळे मिटून घरगुती जागा घेईन. आठ-नऊच्या पुढची मुलं, त्यातही सोबत दोन-तीन कुटुंबं असतील, तर रिसॉर्ट. दोन्ही वयांची मुलं असतील तर आम्ही यंदा करणार आहोत तसं करा. तारकर्लीसाठी उतरायचं कुडाळ आणि गोव्यातलं मडगाव कोकण रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत, मध्ये दोन-अडीच तासांचा प्रवास. आधी तीन रात्री तारकर्लीत, मग दोन गोव्यात. काकूंना तारखा कळवायला फोन केला तेव्हा त्यांनी तारखांआधी विचारलं, धाकटी आता तिखट खाते का?