येऊरची सकाळ: जानेवारीअखेर ते पहिला पाऊस, वापरानंतरचा अनुभव

येऊर म्हणजे ठाण्याला लागून असलेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला डोंगर. तिथे सकाळी चढ चालण्याचा हा अनुभव. आधी वापर सांगते, मत नंतर. सुरुवात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शेवट जूनच्या पहिल्या पावसात. आठवड्यातून चार सकाळी असं ठरलं होतं. लग्नसराई, बँकेतलं मार्चअखेरचं काम आणि एक दुखरा गुडघा यांच्यामुळे खाडे झाले, तरी साठेक फेऱ्या नक्की झाल्या. वाट एकच: येऊरच्या पायथ्याच्या फाटकापासून घाटरस्त्याने वर पाटोणापाड्यापर्यंत, आणि आल्या वाटेने परत. राष्ट्रीय उद्यानातल्या आतल्या पायवाटांना वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आतलं मी काही सांगणार नाही. डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेवढं जंगल दिसतं, तेवढ्यापुरतंच हे.

माझं वय ५१, साखर काठावर, डॉक्टरांनी ‘चढ चाला’ म्हणून सांगितलेलं. सोबत शेजारच्या काकू, वय ६७, सावंतवाडीकडच्या. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं.

पहिले दोन आठवडे मी नाराज होते. वसंत म्हटला की डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातलं चित्र येतं, पोपटी पालवी आणि आंब्यावर कोकीळ. फेब्रुवारीत येऊरला गेलात तर डोंगर उघडाबोडका दिसतो. सागाची परातीएवढी पानं रस्त्यावर पडलेली, पाय पडला की पापडासारखी मोडणारी. कारवीच्या नुसत्या काड्या. ऐनाची खोडं मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. उतारावर मध्येच कांडोळाचं एखादं पांढरंफटक झाड, अंधुक उजेडात भुतासारखं उभं. लेकीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, ‘जळालंय का जंगल?’

जळालेलं नव्हतं. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत जमिनीला पाण्याचा थेंब नाही. पानांवाटे पाणी उडत राहणार, मग झाड पानंच टाकून देतं आणि हाताशी असलेलं पाणी फुलांवर खर्च करतं. पानांची अडचण नसली की फूल पाखरांना लांबूनही दिसतं. हे मला काकूंनी सांगितलं नाही, त्यांनी एवढंच म्हटलं, ‘तिसऱ्या वळणावरची सावर बघून ठेव गो.’

तर ती सावर. ज्यांना या जंगलात काय बघायचं असा प्रश्न पडतो, त्यांना माझा सल्ला एवढाच की एक झाड धरा. जानेवारीत ती नुसती काट्यांची होती, आडव्या फांद्या, मजल्यांसारख्या. मग फांद्यांवर काळसर कळ्या दिसायला लागल्या, बटणांएवढ्या. फेब्रुवारीच्या मध्यावर एका मंगळवारी वर तीन-चार लाल फुलं होती. शुक्रवारी मोजता येईनात. आणि त्या आठवड्यात झाडावर इतका कालवा की खाली आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. भोरड्यांचा थवा उतरला होता. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. हे पक्षी हिवाळ्यापुरते मध्य आशियाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत परत निघतात. सावरीच्या वाटीसारख्या फुलात मध भरपूर असतो, त्यावर भोरड्या, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल सगळ्यांची पंगत. त्यात वानरं येऊन आख्खी फुलं ओरबाडून खाणार. भांडणं तर विचारू नका. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपेक्षा थोडी कमी.

मार्चमध्ये फुलं गळायला लागली. सावरीचं फूल पाकळी-पाकळीने गळत नाही. आख्खं, मांसल, वजनदार फूल थप्पकन रस्त्यावर आपटतं. एकदा काकूंच्या खांद्यावर पडलं, त्यांनी ते उचलून पदराला पुसलं आणि देवासाठी पिशवीत टाकलं. एप्रिलअखेर बोंडं उकलली आणि कापूस उडायला लागला. घाटाच्या कडेला पांढरे पुंजके साचले होते. माझ्या आजीच्या घरी सावरीच्या कापसाची उशी होती. तो कापूस झाडावर फुटताना मी पन्नाशीनंतर पाहिला, तोही घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर.

पळस त्यामानाने लवकर आटोपतो. पंधरा-वीस दिवस केशरी, मग पानं तीनच. पांगारा होळीच्या आसपास. पण ज्याच्यासाठी मी पुढच्या वर्षी रजा टाकेन ते झाड कुसुंबाचं. मार्चमध्ये त्याला नवी पालवी येते ती लालभडक. लांबून फुललंय असंच वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की ही पानं आहेत. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपायला हा लाल रंग कामी येतो, हिरवेपणा मागाहून भरतो. ही लाली आठ-दहा दिवस टिकते, मग तांबूस, मग पोपटी. गेल्या वर्षी रविवारी एकदा सगळे मिळून येऊरला जेवायला गेलो होतो, मार्चमध्येच. याच झाडाखालून गाडी गेली असणार. मला काही दिसल्याचं आठवत नाही.

म्हणूनच महिन्यातून एकदा येणाऱ्यांना हे चालणं मी सुचवणार नाही. एका फेरीत हे जंगल काही दाखवत नाही, रखरखीत वाटतं, घाम निघतो, आणि माणूस ‘येऊरमध्ये आता काही राहिलं नाही’ म्हणत पायथ्याच्या उपवन तलावाशी चहा पिऊन घरी जातो. तीच वाट चार-चार दिवसांनी धरली की काल काय नव्हतं ते दिसतं. मलाही तिसऱ्या आठवड्यानंतरच दिसायला लागलं.

आता कटकटी.

खाजकुयली. हे नाव माहीत नसेल तर आधी पाठ करा. फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या वेलींवर सोनेरी मखमली शेंगा लोंबत असतात, दिसायला गोड. मी एकीला बोट लावणार तोच काकू ओरडल्या, ‘अगो, हात लावू नको!’ उशीर झाला होता. शिवाय वारा होता, म्हणजे न लावलेल्या भागालाही प्रसाद मिळाला. त्या शेंगेवरची लव कातडीत रुतते आणि अशी आग होते की माणूस नाचतो. चोळायचं नाही, चोळलं की पसरते. काकूंनी रस्त्यावरचं ताजं शेण शोधलं, माझ्या मनगटाला थापलं, वाळल्यावर खरवडून काढलं. लव त्याबरोबर बरीच निघाली. साडेदहाला मी काउंटरवर होते. शेणाचा वास येत होता का हे कोणी विचारलं नाही, पण शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याने पंखा थोडा फिरवून घेतला.

एप्रिलमध्ये वाळल्या गवतात गोचिड्या असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, आणि गवतात बसायचं नाही. बूट महागडे नकोत पण तळाला खाच हवी, कारण उतरताना सागाच्या सुक्या पानांवरून पाय सरकतो. माझा गुडघा चढताना नाही, उतरतानाच दुखला. काठी घेतल्यावर आठवडाभरात बरा झाला. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं तुमच्याआधी संपवतात.

वेळेचं गणित दर महिन्याला बदलतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मेअखेर सहाच्या सुमारास. आम्ही उजेड झाल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हतो, ते बिबट्यामुळे. तर त्याबद्दल, कारण नातेवाईक दुसरं काही विचारतच नाहीत. नाही, दिसला नाही. साठ फेऱ्यांत एकदाही नाही. मार्चमध्ये एकदा कडेच्या धुळीत पंजाचा ठसा दिसला, फाटकावरच्या वनरक्षकाला फोटो दाखवला, तो म्हणाला, ‘मॅडम, रात्रीचा आहे.’ एकदा वरच्या अंगाला वानर खाकरल्यासारखं ओरडायला लागलं, थांबून थांबून, आणि सगळं रान एकदम चूप. आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या. पाच मिनिटांनी बुलबुल बोलला तेव्हा पुढे निघालो. या जंगलाच्या कडेला बिबट्याचं बरंचसं पोट भटक्या कुत्र्यांवर भरतं. म्हणून खरकटं टाकून कुत्री जमवणारा माणूस मला बिबट्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. अंधारात एकट्याने जाऊ नये, लहान मुलाला मागे रेंगाळू देऊ नये, वाकून किंवा उकिडवं बसू नये. एवढं पाळलं तर पुरे.

मोहाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मी आधी चुकीचं समजले होते. मार्चअखेर वरच्या पाड्याजवळ पहाटे गोडूस, किंचित आंबूस वास यायला लागला. मला वाटलं कुठेतरी फळं सडलीत. दोन दिवसांनी झाडाखाली एक मावशी टोपली घेऊन बसलेल्या दिसल्या. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात, आणि पहाटे ती टपोरी पिवळसर फुलं आपोआप खाली पडतात. मावशींनी दोन दिली. चघळली तर मनुकेसारखी गोड. म्हणाल्या, ‘ताई, नुसती दारूच नाही होत ह्याची, वाळवून भाकरीतपण घालतो.’ येऊरला वारली, महादेव कोळी अशा आदिवासींचे पाडे या झाडांच्या आधीपासून आहेत की नंतर, असा प्रश्न मी विचारला तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून काही ठिकाणी मोहाखालचा पाचोळा पेटवतात, आणि वाऱ्याने ती आग वणवा होते. या मावशी झाडूने झाडून घेत होत्या. आम्हाला एप्रिलमध्ये एक जळालेला पट्टा दिसला, पण तो मोहाजवळ नव्हता, गाड्या थांबतात त्या वळणाखाली होता, आणि राखेत सिगारेटची पाकिटं अर्धवट जळालेली. आमच्याकडचे वणवे बहुतेक माणूसच लावतो, जाणून किंवा अजाणता.

आवाजाची तक्रार मात्र मनापासून. सकाळच्या पहिल्या तासात तांबट ठोका देतो, टुक टुक टुक, चैत्र लागला की पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत वर वर जातो. आणि त्याच वेळी मागून कोणीतरी खिशातल्या फोनवर ढॅणढॅण गाणी लावून येतं. हेडफोन नावाची वस्तू मिळते बाजारात. शनिवार-रविवारी तर वरून खाली येणाऱ्या गाड्या रात्रीच्या पार्टीतल्या. लोकांनी कडेला काय काय टाकलेलं असतं ते लिहीत नाही. या डोंगराला राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण आहे, भोवतीचा पट्टा २०१६ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, आणि थोड्याच अंतरावर डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं काम. मी रोज ट्रेनमध्ये लोंबकळणारी बाई आहे, बोगदा नको असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण सकाळी तांबट ऐकून आल्यावर ती बातमी वाचताना घास जरा अडतो.

जायला सोपं. ठाणे स्टेशनहून येऊरसाठी टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस आहे. आम्ही उपवनपर्यंत रिक्षाने जाऊन पुढे चालायचो. शौचालय घरी उरकून निघा. पाणी एक लिटर, एप्रिलनंतर दीड. फाटकाच्या वेळा आणि नियम जाण्याआधी तिथेच विचारून घ्या. वजन तीन किलो उतरलं, साखर अजून काठावरच पण काठाच्या अलीकडे. डॉक्टर खूश. तारे द्यायचे तर रस्त्याला पाचपैकी साडेतीन, जंगलाला तारे द्यायला मी कोण.

मेमध्ये बहावा फुलला, पिवळे झुंबर. काकूंच्या मते बहावा फुलल्यापासून दीड महिन्यात पाऊस. यंदा सहा-सात दिवस इकडेतिकडे झाले, पण काकूंनी हिशेब बरोबर असल्याचं जाहीर केलं. करवंदं तोंड काळं होईस्तोवर खाल्ली, एका पाड्यावरच्या पोरीकडून द्रोणाने घेऊन. आणि मग परवा, अर्ध्या चढावर, थेंब पडायला लागले. तापलेल्या डांबराचा वास आला, पाचोळ्यावर टपटप सुरू झाली. सावरीला आता पानं आहेत, पाच-पाच बोटांची, त्यामुळे मी तिच्याखाली जाऊन उभी राहिले. काकूंनी पिशवीतून छत्री काढली आणि एका हातात काठी, एका हातात छत्री असा प्रयोग करून बघितला. मग काठी माझ्याकडे दिली. ‘उद्यापासून रेनकोट,’ म्हणाल्या, ‘आणि निघायचं तर सहालाच.’