'आठ कोंबड्यांसाठी'चं खुराडं, आमच्या चौघींना: काही महिन्यांच्या वापरानंतर

खोक्यावर 'आठ कोंबड्यांसाठी' असं छापलं होतं. आमच्याकडे चार आहेत. ऊन, पाऊस, थंडी असे सगळे दिवस बघून झाल्यावर माझं मत असं, की हे खुराडं चौघींनाच जेमतेम बरोबर होतं. पाचवी आणली की तंटे सुरू होतील. वस्तू वाईट नाही, दिलेल्या पैशांच्या मानाने चांगलीच आहे. फक्त तिच्यावरचा आकडा वाचायचा नाही.

आतल्या खोलीची जमीन चार फूट बाय साडेतीन फूट, म्हणजे १४ चौरस फूट. मध्यम आकाराच्या कोंबडीला आत ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात ८ ते १० चौरस फूट जागा धरावी, असा परसात कोंबड्या पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशोब असतो. चार कोंबड्यांना आत साडेतीन-साडेतीन फूट मिळतात. आठ कोंबल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पावणेदोन. जोडून आलेलं अंगण आठ बाय चार, म्हणजे चौघींना आठ-आठ फूट. आता आठाचा आकडा विकणाऱ्याने कुठून काढला? जाहिरातीतलं माप बाहेरून बाहेर घेतलेलं असतं, त्यात छपराची बाहेर आलेली कड धरलेली असते, अंडी घालायचे खोके धरलेले असतात, कधी कधी चढ-उतार करायची फळीसुद्धा. घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारावा: खोके सोडून, भिंतीच्या आतून, जमीन किती? उत्तर टाळलं तर काय समजायचं ते समजावं.

'आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, त्यांना खुराडं लहान चालेल,' असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. माप सगळ्यात वाईट दिवसाचं घ्यायचं असतं. झड लागली, किंवा आसपास मोकाट कुत्रा फिरतोय, किंवा तुम्हीच घरी नाही, अशा दिवशी चौघी पूर्ण वेळ आतच. दाटी झाली की आधी दबणाऱ्या कोंबडीला दाण्यापासून हाकललं जातं, मग शेपटीवर टोची बसतात, पिसं उपटली जातात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्याही त्याच जागी टोचायला लागतात. सतत पाऊस लागून राहिला तेव्हा आमच्याकडे कुरबुर झाली, पण प्रकरण पिसांपर्यंत गेलं नाही. त्याचं श्रेय मी त्या साडेतीन फुटांना देते, आणि अंगणाचा निम्मा भाग वरून पत्र्याने झाकून घेतला त्याला. त्या कोरड्या कोपऱ्यात माती आणि थोडी राख टाकलेली आहे. तिथे त्या लोळतात, पंख झाडतात, आणि पावसातही त्यांचा वेळ जातो.

बसायच्या दांड्यांबद्दल मात्र तक्रार आहे. खुराड्यासोबत आलेल्या दांड्या बारीक, गोल, आणि अंड्यांच्या खोक्यांच्याच उंचीवर. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते. दांडी आणि खोका एकाच पातळीवर असले की ती मऊ भुसा बघून खोक्यात झोपते आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात. मी दोन इंच रुंदीची चपटी पट्टी आणली, कडा घासून गोल केल्या आणि खोक्यांपेक्षा वीतभर वर बसवली. चपट्या दांडीवर ती पंजा पसरून, अंगाची पिसं पायावर घेऊन बसते. एका कोंबडीला दांडीवर ८ ते १० इंच लागतात, त्यामुळे साडेतीन फुटांच्या एका दांडीवर चौघी मावतात. तरी दुसरी दांडी ठेवावी. सगळ्यात दबलेली कोंबडी कधी कधी वेगळीच बसते.

अंड्यांचे खोके दोन आहेत, साधारण फूटभर लांब-रुंद. तीन-चार कोंबड्यांना एक खोका पुरतो, आणि खरं तर दोन असूनही चौघी एकाच खोक्यासाठी रांग लावतात. दुसऱ्याचा उपयोग चौघींतली एक खुडूक (अंडी उबवायला) बसली तेव्हा कळला. बाहेरून उघडायचं झाकण सोयीचं आहे, पण बिजागरीपाशी पाणी झिरपत होतं. वरून रबराची पट्टी ठोकली, थांबलं.

आता हवा. छोट्या तयार खुराड्यांची खरी अडचण इथे असते, आणि फोटोत ती दिसत नाही. कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. शिवाय तिची लघवी आणि विष्ठा एकत्रच पडते. ती ओली राहिली की अमोनिया सुटतो, डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. आमच्या खुराड्याला एकच सरकती खिडकी होती, तीही दांडीच्या खाली. मी छपराच्या लगत समोरासमोरच्या दोन भिंतींत लांबट खाचा कापून घेतल्या आणि त्यांवर जाळी ठोकली. गरम, दमट हवा वरून निघून जाते आणि बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर झोतही येत नाही. थंडीतही त्या खाचा मी बुजवल्या नाहीत. कोंबड्यांना कोरडी थंडी सोसते, बंद जागेतली ओल नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे पहाटे दार उघडल्या उघडल्या वाकून, कोंबडीच्या डोक्याइतकं खाली नाक नेऊन वास घ्यायचा. नाकाला झोंबलं तर हवा कमी आहे किंवा भुसा बदलायला झालाय.

जाळीवर पैसे वाचवू नका. सोबत आलेली षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, आणि मांजर किंवा मुंगूस भोकातून पंजा घालून जे हाताला लागेल ते ओढतं. मी अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाड जाळी) लावली, आणि नुसत्या पिना न मारता रुंद वॉशर घालून स्क्रू आवळले. उंदराचं पिल्लू त्यातूनही येतं म्हणा, पण त्याचा इलाज रात्री दाणा उचलून ठेवणं हाच. उकरून येणाऱ्यांसाठी जाळीची फूटभर रुंद पट्टी चारही बाजूंनी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरली आणि वर माती लोटली. घूस भिंतीला लागून उकरायला घेते, जाळी लागते, पण दोन पावलं मागे जाऊन उकरावं हे तिला सुचत नाही. दाराला नुसता फिरवायचा लाकडी खटका होता. त्याच्या जागी कडी-कोयंडा आणि वर अडकवायचा हुक.

साफसफाईसाठी खाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे आहे, आणि खरं सांगायचं तर मी हे खुराडं त्या ट्रेसाठीच निवडलं. रात्रीची शीट दांडीखालीच पडते, त्यामुळे रोज सकाळी तेवढं खरवडलं की भुसा बराच काळ टिकतो. पावसात लाकूड फुगून ट्रे अडकायला लागला. खाचा थोड्या रंधून घेतल्या, मेण घासलं, आता सरकतो. पाणी आणि दाणा आत ठेवत नाही, अंगणातल्या झाकलेल्या भागात टांगते. पाणी सांडून भुसा ओला होण्याची कटकटच संपली.

लाकडी खुराड्याचा एक तोटा पत्करावाच लागतो: फटी. रात्री कोंबडीचं रक्त पिणारे लाल माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) दिवसा फटींत आणि दांडीच्या टोकांना दडून बसतात. कोंबडीच्या अंगावर दिवसा शोधून काही सापडत नाही. अंधार पडल्यावर पांढरा कागद दांडीच्या खालून घासायचा, लाल रेघ उठली की ते आलेत. उबदार दिवसांत आठवड्या-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही, तेवढ्याच अंतराने पुन्हा धुवावं लागतं. यासाठीच दांड्या स्क्रू न मारता खोबणीत ठेवलेल्या बऱ्या, उचलून उन्हात टाकता येतात. जुनं खुराडं स्वस्तात मिळत असेल तर हीच तपासणी आधी करा, कारण हे माइट उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात. प्लास्टिकच्या खुराड्याला फटी कमी, धुणंही सोपं. पण तेवढ्याच जमिनीचं प्लास्टिकचं बरंच महाग पडत होतं.

स्वस्त-महाग मी असं ठरवलं: किंमतीत जाळी, कडी आणि दांड्या बदलायचा खर्च मिळवायचा आणि आतल्या चौरस फुटांनी भागायचं. असं भागल्यावर चाकं, नक्षीदार खिडक्या आणि वरच्या कुंड्या असलेली 'स्वस्त' खुराडी यादीतून आपोआप गळली. जुन्या शेडमध्ये भिंतीला दांडी ठोकून केलेलं खुराडं या हिशोबात सगळ्यांत सरस ठरलं असतं, आत उभं राहून झाडताही आलं असतं. आमच्याकडे शेड नाही. माझ्या खुराड्यात गुडघ्यांवर बसून हात लांब करावा लागतो, आणि मागच्या कोपऱ्यातला भुसा काढायला लांब दांड्याचं खरवडणं लागतंच.

लाकडाला बाहेरून दोन हात रंग आणि चारही पाय विटांवर, एवढं पहिल्याच दिवशी करून घ्या. आमचे पाय अजून कोरडे आहेत. छपराचा एक कोपरा किंचित उचलला गेलाय, तो पुढच्या पावसाआधी खिळवायचा आहे.