वाड्याला ‘धोकादायक’ नोटीस आली: कोर्ट गाठायचं की घर सोडायचं?

सोलापुरात शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ भागातल्या जुन्या वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस येते. आधार १९४९ च्या महापालिका अधिनियमातलं कलम २६४. भाडेकरूंपुढे मग दोन वाटा उरतात.

पहिली, स्थगिती मागायची. दिवाणी न्यायालय आहेच. उच्च न्यायालयासाठीही आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पण हातात स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून केलेली तपासणी, नसेल तर ‘मालकाने मुद्दाम नोटीस काढायला लावली’ एवढ्यावर फारसं भागत नाही. (आरोप कधीकधी खरा असतो, हेही खरं.) आणि स्थगिती मिळाली तरी भिंत पडायची काही थांबत नाही.

दुसरी, घर सोडायचं, हक्क मात्र सोडायचा नाही. बऱ्याच जणांना वाटतं, वाडा पडला की भाडेकरूपण संपलं. तसं नाही. इमारत पाडली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. फक्त बाहेर पडण्याआधी खोल्यांचं मोजमाप पंचनाम्यात लिहून घ्या, फोटो काढा, भाडेपावत्या आणि वीजबिलं जपा. मालकाच्या तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका. खरी अडचण पुढे येते: नवं बांधकाम रखडलं की भाड्याच्या दुसऱ्या घराचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्गात असेल, तर मी घर सोडण्याची दुसरी वाट धरेन. सी-२ब असेल, म्हणजे दुरुस्तीने भागणार असेल, तर मात्र ऑडिट घेऊन भांडायला हरकत नाही.