'फिलोथिया': संसारी माणसासाठी लिहिलेलं सद्गुणांचं पुस्तक

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा मेणबत्त्या, जपमाळा आणि नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पुस्तिका घरोघर जातात. सद्गुणांवरचं तीनशे पानी पुस्तक हाती घ्यायला मात्र लोक बिचकतात. ते फादर-सिस्टरांनी वाचायचं, असं धरून चालतात. हीच समजूत खोडून काढायला संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी 'इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ' लिहिलं. मूळ फ्रेंच पुस्तक १६०९ सालचं, त्यांनी स्वतः सुधारलेली शेवटची आवृत्ती १६१९ ची. लेखक जिनिव्हाचे बिशप, मुक्काम आजच्या फ्रान्समधल्या ॲनसीला. मादाम द शार्म्वाझी या विवाहित बाईंना त्यांनी मार्गदर्शनाची पत्रं लिहिली, त्यांतून हे पुस्तक उभं राहिलं. वाचकाला ते 'फिलोथिया' म्हणतात, म्हणजे देवावर प्रेम करणारी. याच दशकात, १६१६ साली, इकडे गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं जात होतं, हे आपल्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पहिल्या भागाचं तिसरं प्रकरण दुकानात उभ्या उभ्या वाचून पाहा. बिशपाने मठातल्या संन्याशासारखा एकांत धरला, कुटुंबवत्सल माणसाने कॅपुचिन साधूसारखं काहीच गाठीला ठेवलं नाही, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर त्या भक्तीला काय अर्थ? ज्याच्या-त्याच्या कामाला आणि अंगातल्या ताकदीला जुळेल तीच भक्ती खरी, हे ते इतक्या सरळ सांगतात की पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

पुस्तकाचे भाग पाच. पहिल्यात दहा मननं आणि मग आयुष्यभराचं पापनिवेदन, दुसऱ्यात प्रार्थना आणि चर्चचे संस्कार, तिसऱ्यात सद्गुण, चौथ्यात मोह, अस्वस्थता आणि खिन्नता, पाचव्यात वर्षातून एकदा करायची उजळणी. बहुतेक जण कादंबरीसारखं आठवड्यात वाचून संपवतात आणि 'छान आहे' म्हणून कपाटात ठेवतात. तसं वाचून हाती काही लागत नाही. दहा मननं दहा सकाळी, रोज एक, हाच लेखकाने सांगितलेला क्रम आहे.

मननाची रीत दुसऱ्या भागात पायरीपायरीने दिली आहे. देव इथे आहे याचं भान आणायचं, त्याची मदत मागायची, प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, त्यावर विचार करायचा, मन हललं की तिथे थांबून निश्चय करायचा, शेवटी आभार, अर्पण आणि विनवणी. मग बागेत फिरून आल्यावर चार-पाच फुलं हातात ठेवावीत तसे एक-दोन विचार दिवसभरासाठी बरोबर घ्यायचे. बहुतेकांचं गणित निश्चयाच्या पायरीवर चुकतं. 'मी सर्वांशी प्रेमाने वागेन' हा निश्चय नव्हे. लेखकाचं उदाहरण पाहा: क्रुसावरून येशूने शत्रूंना क्षमा केली, यावर मनन झालं, तर अमक्या शेजाऱ्याच्या अमक्या बोलण्याने मी चिडणार नाही आणि त्याचं मन वळवायला अमुक एक गोष्ट करीन, इथपर्यंत यायचं. आपल्याकडे त्याचं रूप असं होईल: सोसायटीच्या मीटिंगपासून अबोला धरलेल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी आज जिन्यात मी आधी बोलेन. आणि मननावरून उठल्याबरोबर मोबाइल हाती घ्यायचा नाही. चिनीमातीच्या सुंदर भांड्यातून मोलाचं द्रव्य घरी नेणारा माणूस कसा पायाखाली आणि भांड्याकडे बघत हळूहळू चालतो, तसं कामाला लागायचं.

वेळेचं सांगायला हवं. पुस्तकात दुपारच्या जेवणाआधी, शक्यतो सकाळी लवकर, एक तास सांगितला आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट असणाऱ्याने तेवढा तास धरला तर चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. पंधरा मिनिटं धरावीत, पण एकही पायरी गाळू नये.

खरा ऐवज तिसऱ्या भागात आहे. एकेचाळीस प्रकरणं, बहुतेक तीन-चार पानांची. पहिल्याच प्रकरणात सद्गुण निवडायचा नियम येतो: आवडीचा नव्हे, आपल्या कर्तव्याला लागणारा निवडा, आणि दिसायला भव्य त्याऐवजी खरोखर उत्तम तो घ्या. धूमकेतू जवळ असतो म्हणून ताऱ्यांहून मोठा वाटतो, हा त्यांचा दाखला. उपास कडक करायचा आणि घरच्यांवर खेकसायचं, ही चूक इथेच पकडली जाते.

प्रकरण ३५ मध्ये डोकेदुखी, दातदुखी, सर्दी, नवऱ्याची किंवा बायकोची चिडचिड, फुटलेला ग्लास, हरवलेली अंगठी, असल्या बारक्या गोष्टींची यादी आहे आणि त्या प्रेमाने सोसण्याची किंमत सांगितली आहे. सिएनाची संत कॅथरीन बापाच्या स्वयंपाकघरात राबत असे, तेव्हा बापाच्या जागी प्रभूला आणि आईच्या जागी पवित्र मरियेला पाही, हेही इथेच येतं. प्रकरण ३६ तर कांदा-द्राक्षांच्या व्यवहारात वाढलेल्या नाशिककरांनी दोनदा वाचावं. आपल्याला विकायचं महाग आणि घ्यायचं स्वस्त, न्याय दुसऱ्याच्या घरी आणि दयामाया आपल्या घरी, अशी दोन मापं माणूस कशी वापरतो ते त्यांनी नेमकं दाखवलं आहे. विकताना स्वतःला घेणाऱ्याच्या जागी ठेवा आणि घेताना विकणाऱ्याच्या, हा त्यावरचा उपाय. प्रकरण २९ निंदेवर. 'माणूस चांगला आहे हो, पण...' अशी सुरुवात करून केलेली निंदा त्यांना सगळ्यांत घातक वाटते. प्रकरण ९ सहसा कोणी वाचत नाही, आणि ते आधी वाचायला हवं: स्वतःच्या चुकीवर स्वतःचा संताप करून घेऊ नका, मनाला हळुवार समजावून पुन्हा उभं करा.

उणिवाही आहेत. मधमाश्यांचा 'राजा' असतो असले त्या काळचे निसर्गदाखले जागोजाग येतात. ते दृष्टांत म्हणूनच घ्यावेत. पत्नीच्या आज्ञाधारकपणावरची काही वाक्यं आज तशीच्या तशी कोणाला वाचून दाखवू नयेत. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, किती वेळा घ्यावं याची त्यांनी केलेली तपशीलवार चर्चाही मागे पडली आहे, कारण १९०५ साली पोप दहावे पायस यांनी रोजच्या कम्युनियनची वाट मोकळी केली.

पाचवा भाग छोटा, पण तो सोडू नका. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ चावी द्यावी लागते आणि वर्षातून एकदा उघडून गंज काढावा लागतो, तसंच मनाचं, असं ते म्हणतात. त्यासाठी २४ जानेवारी, या संतांचा सण, सोयीचा दिवस.

इंग्रजी प्रत घेताना जॉन के. रायन यांचा १९५० चा अनुवाद निवडा, वाक्यं सुटसुटीत आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अनुवादांची भाषा जुनाट, लांबलचक, आपल्याकडच्या वाचकाला दमवणारी. संक्षिप्त आवृत्त्याही विकल्या जातात, म्हणून पहिल्या भागात २४ आणि तिसऱ्यात ४१ प्रकरणं आहेत ना, ते अनुक्रमणिकेत मोजून घ्या. इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सात-आठ जणांनी आठवड्याला एकदा बसावं: एकाने प्रकरण आधी वाचून मराठीत सांगायचं, वीस मिनिटं पुरतात. सहा आठवड्यांना तिसऱ्या भागातली ३, ८, ९, २९, ३५ आणि ३६ ही प्रकरणं घ्या, आणि उठण्याआधी प्रत्येकाने आपला एक निश्चय, नावानिशी आणि वारानिशी, वहीत लिहावा.