अपघाती रुग्णाला एनएस की आरएल?

शिरपूरला नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरताईंचा प्रश्न: मुंबई-आग्रा महामार्गावरून रक्तस्राव होत असलेला रुग्ण आला, तर आधी शिरेतून कोणती बाटली लावू: एनएस (नॉर्मल सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी) की आरएल (रिंगर लॅक्टेट, म्हणजे मिठासोबत इतर क्षार आणि लॅक्टेट असलेला द्रव)?

किमतीत फारसा फरक नाही, खरा फरक क्षारांचा. एनएसच्या लिटरमध्ये क्लोराइड १५४ मिलिइक्विव्हॅलंट, रक्तात जेमतेम शंभर. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की रक्तातली आम्लता वाढते. आरएलमध्ये क्लोराइड १०९. शिवाय लॅक्टेट, ज्यापासून शरीरात आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट बनतं. पोटॅशियम फक्त ४, त्याची धास्ती नको.

पण आरएलची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २७३, एनएसची ३०८. आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ, म्हणून त्याने मेंदूची सूज वाढू शकते. त्यात कॅल्शियमही असतं, ज्याने नळीतलं रक्त गोठू शकतं, म्हणून रक्ताच्या पिशवीसोबत एकाच नळीतून नको.

डोक्याला मार असेल किंवा त्याच नळीतून रक्त द्यायचं असेल, तर एनएस. इतर रक्तस्रावात आरएल, तेही बेताने: दोन्ही द्रव रक्त गोठवणारे घटक पातळ करतात, आणि पुढे धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचून रुग्णाला रक्तच लागणार आहे.