८ महिने, ४१ चित्रपट आणि राहिलेली १२ मिनिटं

चित्रपटातला पार्सलं पोचवणारा रिकी हॉस्पिटलात ताटकळत बसलाय. व्हॅन लुटली गेली, मार खाऊन तोंड सुजलंय. तेवढ्यात डेपोच्या साहेबाचा फोन येतो: पार्सल स्कॅन करायचं यंत्र फुटलं, त्याचे हजार पौंड तू भरायचेस. इथे मी पॉज केलं, कारण साडेअकरा वाजून गेले होते आणि आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. दुसऱ्या रात्री ॲप उघडलं तर 'सॉरी वी मिस्ड यू' हा चित्रपटच गायब. पंधरा दिवसांनी तो त्याच ॲपवर परत उगवला, पण 'भाड्याने' या रांगेत. ११९ रुपये.

शेवटची बारा-एक मिनिटं राहिली होती. म्हणजे मिनिटाला ९ रुपये ९२ पैसे. आठवडाभर मी ते भरले नाहीत.

ॲपचं नाव लिहीत नाही. जागतिक सिनेमावाल्यांना अंदाज येईल, न आला तरी बिघडत नाही, सगळी एकाच माळेची. पहिल्या सहा महिन्यांचे मिळून ५९९ रुपये अशी जाहिरात होती, म्हणून घेतलं. सातव्या महिन्यात वर्षाचे २,३८८ परस्पर कापले गेले. खात्यातून असे पैसे वळते व्हायच्या २४ तास आधी कळवावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कळवलं होतंही, रात्री दोन वाजता, कर्जाच्या आणि रमीच्या मेसेजांच्या गर्दीत. पस्तीस वर्षं पतसंस्थेत खतावण्या तपासलेल्या माणसाकडून हे सुटलं, याचाच राग जास्त आहे.

बाकी ॲप चांगलं आहे. चित्र स्वच्छ, जाहिराती नाहीत. बर्फाच्या प्रसंगात पांढरी सबटायटल्स दिसत नाहीत, एवढं सोडा.

आता मुद्द्याचं. भांडवलशाहीवरचे चित्रपट म्हणून तिथे एक वेगळा कप्पा आहे. तो मी जवळजवळ संपवला. सवयीने प्रत्येक चित्रपटात एकच गोष्ट शोधत बसलो: आकडा. गरिबी दाखवायला काय, पाऊस आणि व्हायोलिन पुरतं. पण कोणाचे किती गेले आणि कोणाकडे किती आले हे जो सांगतो, त्यालाच हिशेब विचारायचा असतो, असं माझं मत झालं. दार्देन बंधूंचा 'टू डेज, वन नाइट' (२०१४) घ्या. बेल्जियममधला सौर पॅनेलचा छोटा कारखाना. १६ कामगारांपुढे प्रश्न असा की प्रत्येकी हजार युरो बोनस घ्या किंवा सांद्राची नोकरी वाचवा. मालकाने स्वतः काही ठरवायचंच नाही, मत तुम्ही द्या! मग ती शनिवार-रविवार घरोघर जाऊन बेल वाजवते. कुणाला घराचं काम काढायचंय, कुणाला पोरीची फी भरायचीय. हजार युरो हा आकडाच असा निवडलाय की कुणालाच वाईट म्हणता येत नाही. पाच हजार असते तर सांद्राला कुणी दारात उभं केलं नसतं, शंभर असते तर चित्रपटच झाला नसता. मते पडतात आठ-आठ. मालक म्हणतो, तुला परत घेतो, फक्त एका कंत्राटी माणसाची मुदत वाढवणार नाही. ती नको म्हणून बाहेर पडते.

'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) चाळीस वर्षांपूर्वी प्रभात चित्र मंडळाच्या खेळाला पाहिला होता. तेव्हा सायकल लक्षात राहिली. या वेळी चादरी. सायकल गहाणातून सोडवायला बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकते, आणि तिथला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो. वर, आणखी वर, छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. एकाच दृश्यात अख्ख्या रोमची थकबाकी. १९८२च्या गिरणी संपात आमच्या काकूने पितळी हंडा गहाण टाकला होता. तो सुटला नाही. काकांच्या गिरणीच्या जागी आज टॉवर आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर होते, हे आपण पाठ म्हणतो. पण त्या हंड्यावर किती मिळाले, हे मी काकूला कधी विचारलं नाही.

'पॅरासाइट'ला (२०१९) म्हणूनच मी आधी पाचपैकी अडीच दिले होते. एक गरीब कुटुंब श्रीमंतांच्या घरी नोकरीला शिरतं. एवढं मोठं घर, पण त्याचं भाडं किती, किंमत किती, काही नाही. शिवाय पैसा लावणारी सीजे ही कोरियातल्या बलाढ्य उद्योगसमूहाची कंपनी, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेताना त्याच उद्योगघराण्यातल्या मिकी ली माइकवर बोलल्या. श्रीमंतांवरच्या टीकेला श्रीमंतांचाच पैसा. मला हे एखाद्या सावकाराने 'कर्ज वाईट' नाटकाला देणगी द्यावी तसं वाटलं.

इथे मत बदलावं लागलं, आणि ते आमच्या सौभाग्यवतींमुळे. ती तेव्हा मटार सोलत होती, अर्धवट बघत. मालकीणबाई गाडीतून मोलकरणीला फोन करते, आठ मिनिटांत पोचतोय, नूडल्स करून ठेवा, वर उंची बीफ घाला. ही म्हणाली, "अहो, पाकिटातल्या नूडल्समध्ये तसलं महागाचं मटण कोण घालतं? आणि पोरासाठी म्हणून करायला लावलं, ते खातेय बघा स्वतःच." झालं. आकडा तर वाडग्यातच होता. त्यानंतर मी तो परत पाहिला. रात्री ज्या पावसाने खालच्या वस्तीतल्या संडासातून घाण पाणी उसळून घर बुडतं, त्याच पावसाबद्दल सकाळी बाई म्हणते, बरं झालं, हवा स्वच्छ झाली. चार दिले. अर्धा सीजेचा कापला, तो परत करणार नाही. बाकीचा अर्धा राखीव.

तर ११९ रुपये. भरले शेवटी. रिकीच्या बायकोने, ॲबीने, नवऱ्याच्या हातातून फोन हिसकावून त्या साहेबाला शिव्या घातल्या, आणि लगेच ती शरमली, मी शिव्या देत नाही हो, मी माणसांची शुश्रूषा करते. व्हॅनच्या पैशांसाठी हिचीच गाडी विकली होती, तेव्हापासून ती रुग्णांच्या घरी बसने जातेय. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डोळा बंद असलेला रिकी घरच्यांना न जुमानता व्हॅन काढतो. कर्ज आहे ना. बारा मिनिटांचे पैसे वसूल झाले, हे कबूल करायला जड जातंय. एकूण ३,१०६ रुपये, ४१ चित्रपट, म्हणजे नगाला साधारण ७५ रुपये ७६ पैसे. थेटरातला पॉपकॉर्न याहून महाग आहे.

तरी परताव्यासाठी भांडलोच. चॅटवर आधी यंत्र, मग पाऊण तासाने एक मुलगी. परतावा बसत नाही म्हणाली, १०० रुपयांचं कूपन देऊ केलं. मी अंगठा एक ताऱ्यावर ठेवून तयारच होतो. तेवढ्यात तिचा मेसेज आला: सर, हे रेटिंग कंपनीला नाही, मला मिळतं, चार तारे दिले तरी माझे कापतात. आदल्याच आठवड्यात नंदिता दास यांचा 'झ्विगाटो' पाहिला होता. भुवनेश्वरमध्ये, कारखान्यातली नोकरी गेलेला माणूस ताऱ्यांसाठी घरोघर जेवण पोचवतो.

पाच दिले. खाली तक्रारीची चौकट होती, तिच्यात २०० अक्षरंच मावत होती. म्हणून इथे लिहिलं.